साकवाची काठी

॥ श्री ॥

वरचीवाडी, ता. पोलादपूर
दि. १२ जून २०२५

चि. वैशाली हिस मुरारीदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पाकीट पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की दुसऱ्या मिनिटाला तुझी मीटिंग निघते आणि तिसऱ्या मिनिटाला आपलं भांडण. शिवाय रेंजसाठी मला माळावर चढावं लागतं आणि तोवर आई घरात एकटी. अण्णा म्हणायचे, महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहावं, म्हणजे समोरचा निदान शेवटपर्यंत ऐकून घेतो. म्हणून कागद.

तुझी वहिनी मंजुळा आपल्या सेजलच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली. पोरीला डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला, तेव्हा तिच्या आईनंच तिकडं जायचं ठरलं. तीन महिने तरी ती येत नाही. घरात आता मी आणि आपली आई, आणि आई माझ्या हातचं खात नाही. हे तुला नवीन नाही. प्रवीण गेल्यापासून बावीस वर्षं तिनं माझ्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतलेला नाही. मी मुंबईत नोकरीला होतो तोवर ते झाकून गेलं, परत आल्यावर मंजुळेनं सांभाळून घेतलं. आता झाकायला कुणी नाही. अण्णा वारले ते आई विसरली, मंजुळेचं नाव विसरली, चूल कुठल्या बाजूला आहे ते विसरली. पण मी ताट पुढं केलं की सरकवून देते आणि म्हणते, पोराला पाण्यात घालणाऱ्याच्या हातचं मला नको. शेजारची तुळसाकाकी सकाळी एकदा येऊन भरवून जाते, तेवढंच पोटात. महाडच्या डॉक्टरांनी वजन केलं, चौतीस किलो भरलं. असंच चाललं तर दिवाळी पाहणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आणि या सगळ्यात तुझं पेपरातलं कात्रण! पोलादपूरच्या स्टँडवरच्या कुशाबानं ते प्लास्टिकमध्ये घालून टपरीवर लावलंय. तुझा फोटो झकास आलाय. आपल्या वाडीची रीतही तू छान समजावून सांगितलीस: पावसाळ्यात शाळा सुटायच्या वेळी एका मोठ्या माणसानं लाकडी साकवावर उभं राहून पोरांना हात धरून ओढ्यापलीकडून आणायचं, रोज एका घराची पाळी, आणि ज्याच्या दारात काठी त्याची त्या दिवशीची जबाबदारी. पुढं तू म्हणतेस, एके दिवशी काठी आमच्या दारात होती, माझा मोठा भाऊ विसरला, आणि आठ वर्षांचा धाकटा वाहून गेला. त्या एका विसरण्यानं मला स्मृतीच्या संशोधनाकडं वळवलं. वा! स्टँडवर चहा प्यायला गेलो तर चार माणसं माझ्याकडं पाहून बोलायची थांबली. बावीस वर्षांत ज्यांना विसर पडला होता त्यांनाही तू आठवण करून दिलीस.

त्याच कात्रणात लिहिलंय की तू उंदराच्या डोक्यातली एकच आठवण पुसून दाखवलीस. मग माझ्या अडाणी डोक्यात आलं, आईच्या डोक्यातली ती एक पुसता येईल का? बाकीचं काही मागत नाही. तिनं चार घास खावेत, बस्स.

उत्तर सवडीनं नको, लगेच लिही. तब्येतीला जप.

तुझा
मुरारीदादा

॰

बंगळुरू
दि. २० जून २०२५

ती. मुरारीदादास वैशालीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वजनाचा आकडा वाचला. कात्रणाबद्दल मनापासून माफ कर. बातमीदार बाई खोदून खोदून विचारत होत्या की या विषयाकडं कशा वळलात, आणि जे आहे ते माझ्या तोंडून निघून गेलं. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण वाडीला नावाची गरज लागत नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही रे, पुसता येत नाही. उंदीर पिंजऱ्यातला असतो, त्याला कधी काय शिकवलं ते आम्हाला ठाऊक असतं, आणि औषध थेट मेंदूत टोचतो. आईच्या मेंदूत आधीच वेगळीच नासधूस चालू आहे. नको असलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरत जातात. नवं आधी जातं, जुनं मागाहून. त्यातही जे भीतीनं किंवा दुःखानं कोरलं गेलेलं असतं ते बऱ्याचदा सगळ्यात शेवटी जातं. म्हणून अण्णा गेले ते पुसलं गेलं आणि साकव राहिला. त्यात तिचा दोष नाही.

मी काम करते ते एवढंच: आठवण ही फडताळात ठेवलेली वस्तू नसते. पेशी आणि पेशी जिथं जोडलेल्या असतात तिथं ती एका प्रथिनाच्या जोरावर टिकते, आणि आपण आठवतो तेव्हा तो जोड सैल होऊन पुन्हा नव्यानं बांधावा लागतो. आई अंगण सारवायची ते आठव. सारवलं की थोडा वेळ ओलं असतं, आणि तेवढ्यात कुणी चाललं तर पाऊल उमटतं. मग वाळतं ते त्या पावलासकट. पुढच्या वेळी आपल्याला वाटतं, पाऊल पहिल्यापासून तिथंच होतं. म्हणून जी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा आठवतो, तीच बदलत जाते.

हे सगळं कळत असूनही तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढं जसाच्या तसा आहे. मी ओटीवर वाचत बसले होते. तू डोक्यावर इरलं घेतलंस, दारातली काठी उचललीस आणि निघालास. मला वाटलं साकवावरच चाललास. तू वाटेत कुठं रेंगाळलास ते मी तुला कधी विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. वीस वर्षांच्या पोराला विसर पडू शकतो. मी केव्हाच माफ केलंय, दादा. तूही स्वतःला माफ कर.

पुण्यात अशा आजाऱ्यांसाठी एक चांगलं केंद्र आहे, चौकशी करू का? आणि आईशी वाद घालू नकोस. तिला सांगून पटणार नाही.

कळावे, रागावलास तरी लोभ राहू दे.

तुझी
वैशू

॰

वरचीवाडी
दि. ९ जुलै २०२५

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

तू मला माफ केलंस हे वाचून गहिवरून आलं. पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. हे तू खरंच लिहिलंस की कुणी लिहून दिलं?

पुण्याचं केंद्र नको. आई इथल्या वासावर जगते आहे. रोज पाच वाजले की कोपऱ्यातली ती काठी घेते आणि ओढ्यावर जाऊन उभी राहते. साकव कसला आता, सिमेंटचा पूल आहे. शाळाही पोरं नाहीत म्हणून बंद पडली. ती आपली पलीकडं बघत उभी, आणि मी चार पावलं मागं. जवळ गेलो की काठी उगारते.

तुझं सारवणाचं मात्र मला पटलं. एवढी वर्षं शिकलीस त्यातलं हे एक तरी माझ्या उपयोगाचं निघालं. हल्ली ती पुलावर उभी राहून प्रवीणचं नाव काढते, तेव्हा मी हळूच बोलायला लागतो. त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. पदरचं काही घालत नाही. घडलं तेच, घडलं त्याच क्रमानं. पहिले आठ दिवस शिव्या खाल्ल्या. मग ती ऐकायला लागली. परवा घरी आल्यावर मी ताट पुढं केलं तर सरकवलं नाही. खाल्लं नाही, पण ताटाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं पाहत राहिली. तुला काय वाटायचं ते वाटू दे, मला त्या रात्री झोप लागली.

लावणी उरकली. भात बरं आहे. सेजलला मुलगी झाली, तू आत्या-आजी झालीस. बारशाला मला जाता येणार नाही.

काळजी घे.

मुरारीदादा

॰

बंगळुरू
दि. २१ जुलै २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. सरळ मुद्द्यावर येते. काल तुळसाकाकीचा फोन आला होता. ती रडत होती. आईनं माझा पदवीचा फोटो भिंतीवरून काढून शेणकीच्या खड्ड्यात टाकला आणि हीच ती, हिनंच माझं पोर घालवलं, असं घरभर ओरडत फिरली म्हणे. काकीनं आणखी एक सांगितलं. तू रोज पुलावर आईच्या कानाशी लागतोस आणि त्यात माझं नाव घेतोस.

दादा, तू हे काय केलंस? मी विश्वासानं तुला माझं काम समजावून सांगितलं आणि तू ते एका मोडलेल्या बाईवर वापरलंस! आम्हाला उंदराला हात लावायचा तरी समितीची परवानगी काढावी लागते. तू आपल्या आईच्या डोक्यात शिरून स्वतःची चूक माझ्या नावावर केलीस. दोन घासांसाठी? तुला तिनं आपलं म्हणावं म्हणून मी खुनी?

मी आजवर तुझ्याबद्दल वाकडा शब्द बोलले नाही. आईनं तुला दूर ठेवलं तेव्हा तिला समजावणारी मीच होते. त्याचं हे फळ मिळालं. हे आजच्या आज थांबव. नाहीतर मी येऊन आईला इकडं घेऊन जाईन, आणि मग तू पुलावर एकटा उभा राहा.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

वैशाली

॰

वरचीवाडी
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. वैशाली हिस आशीर्वाद.

सोबत एक कागद जोडतो. झेरॉक्स पोलादपूरला काढली. मूळ माझ्याकडं आहे, ट्रंकेत, मुंबईपासून माझ्याबरोबर फिरलेलं. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस?

तू शिकावीस म्हणून मी अंगावर घेतलं, असला मोठेपणा मला नको. त्या संध्याकाळी अण्णा विचारत होते आज पाळी कुणाकडं होती, तू दाराआड लपून उभी होतीस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्याकडं. विचार करून बोललो असतो तर कदाचित बोललोही नसतो. एकदा बोललो आणि मग ते परत घेता येईना. आईनं माझ्याकडं पाहिलं ते पाहणं मी तुला सांगत नाही. तुझं शिक्षण झालं, चांगलं झालं. तू कधीतरी आईला सांगशील म्हणून मी वाट पाहिली. पाच वर्षं, दहा वर्षं. मग वाटलं, जाऊ दे, ती सुखात आहे. गिळून बसलो होतो गं मी सगळं! पण तू ते पेपरात छापलंस. आणि वर मला माफ केलंस.

मी आईला खोटं एक अक्षर सांगितलेलं नाही. तू त्या दिवशी विसरलीस यात मला राग नव्हता, पंधरा वर्षांची पोर होतीस. मला एवढंच सांग: हे पत्र लिहिणारी मुलगी तुला आठवत नाही, की आठवते आणि तू बावीस वर्षं खोटं बोलतेस? तुझं अंगण तू किती वेळा सारवलंस, वैशू? आणि त्यावर माझं पाऊल कधी उमटवलंस?

मुरारी

(सोबतचा कागद)

महाड, मुलींचं वसतिगृह
दि. १४ सप्टेंबर २००३

ती. दादास सा. न. वि. वि.

तू मुंबईला पोचलास का? मला इथं झोप लागत नाही. सगळ्या मुली विचारतात मी का रडते. दादा, तू पोलादपूरला खत आणायला जाताना मला दोनदा सांगितलंस की आज साकवावर तू जा, आणि मी दोनदा हो म्हणाले. काठी माझ्या शेजारीच दाराला टेकवलेली होती. मी गोष्टीचं पुस्तक वाचत होते. पाऊस वाढलेला मला ऐकू आला पण मी म्हटलं, एवढं पान संपवते. बाकीची पोरं एकमेकांना धरून आली आणि प्रवीण शेवटी होता. मला रोज ती काठी दिसते.

तू माझं नाव घेतलं नाहीस. आई तुझ्याशी बोलत नाही ते मला बघवत नव्हतं, तरी मी बोलले नाही. मला भीती वाटली की अण्णा माझी शाळा बंद करतील आणि आई मला घरात ठेवणार नाही. तू आईला सांगू नकोस. मी मोठी झाले की मीच सांगेन. देवाशपथ सांगेन. तोवर तू माझ्यावर रागावू नकोस.

तुझीच
वैशू

॰

बंगळुरू
दि. १४ ऑगस्ट २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

कागद येऊन सात दिवस झाले. अक्षर माझंच आहे. शब्दही माझेच. मी तेव्हा देवाशपथ किती वेळा म्हणायचे ते तुला माहीत आहे.

तू विचारलंस, आठवत नाही की खोटं बोलतेस. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, निदान आज थांबवता आलं असतं. दादा, मला आठवत नाही. पत्र पाठ झालंय, तरी डोळे मिटले की मला अजूनही तूच दिसतोस, इरलं घेतलेला, काठी उचलणारा. मला काठीचा ठोका ऐकू येतो दगडावरचा. जे घडलंच नाही ते मला इतकं स्वच्छ दिसतं! मी बारा वर्षं याच्यावर शोधनिबंध लिहिते. दुसऱ्यांच्या डोक्यात हे कसं होतं ते मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. माझ्या डोक्यात झालं ते मला कळलं नाही. सुरुवातीला भीतीनं तुझ्यावर ढकललं असेन मनातल्या मनात, मग रोज थोडं थोडं, आणि एके दिवशी ते खरं झालं. तो दिवस कुठला ते मला कधीच सापडणार नाही.

तुझी माफी मागायला तोंड नाही. ज्याचं सगळं गेलं त्याला मी माफ करत होते! आईचा घास तुझ्या हातून मीच काढून घेतला.

मी येते. आईला मीच सांगणार आहे, माझ्या तोंडानं, पुलावर उभं राहून. तिनं काठी मारली तर मारू दे. त्यानंतर तरी ती तुझ्या हातचं खाईल. उद्याच निघाले असते, पण परवापासून दहा दिवस परदेशात परिषद आहे. मुख्य भाषण माझं आहे आणि आता ते रद्द करता येत नाही. तिथून घरी परतले की लगेच गणपतीत येते. वीर स्टेशनला उतरले की रिक्षानं महाड आणि पुढं एसटी, तू न्यायला येऊ नकोस, आईला सोडू नकोस. फक्त एवढे दिवस तिला टिकव. पेपरालाही लिहिणार आहे, जे खरं ते.

जमलं तर लोभ ठेव. नाही जमला तरी तुझं बरोबर आहे.

तुझी
वैशू

॰

वरचीवाडी
दि. २२ ऑगस्ट २०२५

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हे तुझ्या हाती पडेल ते परिषदेहून परतल्यावरच, तरी घाई करू नकोस. घाई करण्यासारखं इथं काही उरलेलं नाही. घाबरू नकोस, आई आहे.

गेल्या सोमवारी पाच वाजले तरी ती उठली नाही. मी वाट पाहिली, मग मीच म्हटलं, आई, पुलावर जायचं ना. तिनं काठी घेतली आणि अंगणात कोंबड्या हाकल्या. मी म्हटलं प्रवीण यायची वेळ झाली, तर कोण परवीन असं विचारलं. मला वाटलं एखाद दिवसाचं असेल. आज पाच दिवस झाले. तुझं नाव घेतलं, माझं घेतलं, साकव म्हटलं, सगळ्याला नुसती मान हलवते. डॉक्टर म्हणाले, तेही गेलं.

आणि जेवते. माझ्या हातचं. परवा पेज कालवून वाटी तोंडाशी नेली तर सगळी प्याली, वर आणखी मागितली. मी तिचं तोंड पुसत होतो तेव्हा तिनं माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, तू कुणाचा रे बाबा, तुझ्या आयशीनं तुला चांगलं वळण लावलंय. मी तिचंच नाव सांगितलं, म्हटलं, आनंदीबाईचा. त्यावर ती म्हणाली, नाय बा, आपली वळख नाय.

मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. बावीस वर्षं मला ज्याची भूक होती ते मिळालं, पण ते तिच्या मुलाला मिळालं नाही. कुणा परक्याला मिळालं.

पेपराला काही लिहू नकोस. कात्रण कुशाबानं पावसात भिजलं म्हणून स्वतःच काढून टाकलंय, आता पुन्हा नवं लावायला नको. गणपतीला मात्र ये. आरतीला माणूस लागतं, आणि तुळसाकाकी तुझ्यासाठी पातोळ्या करणार आहे. आईला सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही. ती नीट ऐकून घेईल. हल्ली ती सगळ्यांचंच ऐकते. मग तुलाही विचारील, तू कुणाची. त्याचं उत्तर आगगाडीत बसल्या बसल्या ठरवून ये. माझं उत्तर चाललं नाही.

काठी मी तिच्या हातातून काढून घेतली आणि दारात टेकवून ठेवली आहे. तू येशील तोवर तिथंच असेल.

कळावे. पूर्वीचा लोभ कितपत उरला ते मलाच ठाऊक नाही, असेल तेवढा तुझा आहे.

मुरारीदादा